पांढऱ्या आमंत्रणाचा कागद

संग्रहालयात तिला सगळे तावताई म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं, पण ते दोन्ही अर्थांनी बसलं होतं. छापखान्याचा माणूस आला की ती आधी म्हणायची, "ताव दाखवा," आणि ताव मनासारखा नसला की मग तिचा ताव बघावा लागायचा. प्रकाशन विभागातला कागद आणि छपाई तिच्याकडे होती. प्रदर्शनांचे कॅटलॉग, माहितीपत्रकं, उद्घाटनाची आमंत्रणं, दुकानातली पोस्टकार्डं, सगळं तिच्या हाताखालून जायचं. म्हणजे खरोखरच हाताखालून. तावाच्या कोपऱ्याला अंगठा आणि तर्जनी लावायची, एकदाच घासायची आणि सांगायची. हा दमट आहे, पंख्याखाली ठेवा, आज मशीनवर चढवू नका. हा आडव्या तंतूंचा कापलाय, घडीवर फुटेल. ह्याच्या ह्या अंगावर छापा, त्या अंगावर फॉइल धरणार नाही.

एकदा जेवणाच्या सुट्टीत सहकाऱ्यांनी गंमत म्हणून तिचे डोळे बांधले आणि हातात एकेक कागद दिला. तिनं सगळे ओळखले. शेवटी कुणीतरी कँटीनमधला हात पुसायचा कागद दिला, तर म्हणाली, "हा कालचा आहे. आजचा गठ्ठा जाड आला होता."

स्वभावानं गोड वगैरे नव्हती. छापखानेवाले पाठीमागे तिच्या नावानं बोटं मोडायचे आणि समोर आली की खुर्ची पुसून द्यायचे.

मग तिच्या छातीत गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, केमो झाला, केस गेले आणि परत आले. नवऱ्यानं सुट्ट्या काढून सगळं केलं. सासूबाईंनी, ज्यांचं आणि तिचं कधीच फारसं जमलं नव्हतं, तक्रार न करता पथ्याचं रांधलं. डॉक्टर म्हणाले, गाठ गेली. पेढे वाटावेत अशी बातमी होती. तिनं विचारलं, "डॉक्टर, बोटं बधिर आहेत. ती कधी बरी होतील?"

"औषधामुळे मज्जातंतूंना मार बसतो," ते म्हणाले. "काहींचं परत येतं."

"आणि काहींचं?"

"जगलात, ते बघा ना आधी."

जगली होती खरी. पण बोटांच्या टोकांवर कुणीतरी मेणाची टोपणं चढवल्यासारखं झालं होतं. वस्तू धरलेली कळायची, कशी आहे ते कळायचं नाही. काच, लाकूड, कापड, सगळं एकच. ऑफिसात परतली तेव्हा लोकांनी टेबलावर फुलं ठेवली होती, आणि फुलांशेजारी कित्येक महिने अडकून पडलेले कागदाचे नमुने. "तुमच्याशिवाय कुणाची टाप आहे हात लावायची?" सगळे हसले. तीही हसली आणि नमुना उचलून त्यावर अंगठा फिरवला. काहीच नाही. फुलं बाजूला सारायच्या निमित्तानं तिनं मान फिरवली.

ऑफिसात तिनं कुणाला सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत राहिली आणि मग सांगायची वेळ निघून गेली. ताकास तूर लागू दिली नाही. ताव कानाशी हलवून त्याचा खडखडाट ऐकायची. कोपरा फाडून तंतू कुठं जातात ते भिंगाखाली बघायची. खोलीत कुणी नसलं की कागद खालच्या ओठावर घासायची. ओठांना अजून थोडं कळत होतं. लोक म्हणाले, आजारपणानंतर तावताई जास्तच काटेकोर झाल्या. छोटी कामं निभावली. पण छपाईची मंजुरी देताना सही करायची वेळ आली की तिच्या मानेवर घाम यायचा. दुसरं काही तिला येत नव्हतं असं नाही. पण ह्या एका गोष्टीवाचून आपण कोण, ह्याचं उत्तर तिला सापडत नव्हतं.

त्यातच पांढऱ्या कपड्यांचं प्रदर्शन ठरलं. बाळांची अंगडी, परिचारिकांचे झगे, आचाऱ्यांचे कोट, जुन्या चादरी, सगळं पांढरं. डिझायनर नवीन होती, हुशार, केस अगदी बारीक कापलेली. बैठकीत ती संचालक मॅडमना म्हणाली, "आमंत्रणावर शाईचा ठिपकासुद्धा नको. पांढऱ्या कागदावर नुसता दाबून काढलेल्या अक्षरांचा उठाव आणि वेळ-तारखेपुरती मोतिया फॉइलची चमक. हातात घेतलं की कापड धरल्यासारखं वाटायला हवं. लोकांनी ते वाचायच्या आधी चाचपलं पाहिजे."

"आणि कागद?" मॅडमनी विचारलं.

डिझायनर तावताईकडे बघून मनापासून हसली. "त्यासाठीच तर ताई आहेत. ताईंची बोटं नसती तर मी हे सुचवलंच नसतं."

त्या संध्याकाळी तिनं नमुन्यांची पिशवी घरी आणली. नवरा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. तळहात चपलेच्या तळासारखे. बोटांचं त्याला ठाऊक होतं. तिनं त्याच्यापुढं दोन कागद ठेवले. त्यानं बिचाऱ्यानं डोळे मिटले, श्वास रोखून दोन्ही घासले, पुन्हा घासले.

"काय वाटतं?"

"कागद वाटतो."

"अहो, दोघांत फरक काय?"

"हा ह्या हातात आहे आणि तो त्या हातात," तो म्हणाला, आणि तिचा चेहरा बघून त्यानं कागद खाली ठेवले. "मला नाही गं कळत. खोटं कशाला सांगू?"

कोपऱ्यातल्या खुर्चीतून सासूबाई म्हणाल्या, "इकडं आण."

सासूबाईंनी उभी हयात एका दवाखान्याच्या कपडेखोलीत काढली होती, फाटक्या चादरींना रफू करण्यात. आता डोळ्यांना अंधुक आकार तेवढे दिसायचे. सून कागद कुरवाळायला ऑफिसात जाते, हे त्यांनी पाहुण्यांसमोरही बोलून दाखवलं होतं. तिनं ते दोन आणि पिशवीतला आणखी एक असे कागद पुढं केले ते मनाविरुद्धच. सासूबाईंनी पहिला अंगठ्याखाली घेतला.

"हा कोरा मांजरपाट. खळ आहे अजून ह्यात." दुसरा. "हा ढोंगी. वरून गुळगुळीत, आत अंगच नाही." तिसऱ्याला वेळ लागला. "ही खूप धुतलेली चादर. मऊ झालीय, पण जीव आहे. आजाऱ्याला हीच घालायचो आम्ही."

तिसरा कापसाच्या चिंध्यांपासून बनवलेला कागद होता. तिनं भिंगाखाली बघून, ऐकून, फाडून जे अंदाज बांधले होते त्यांच्याशी म्हातारीचा शब्द न् शब्द जुळला.

"तुला हाताला कळत नाही ना?" सासूबाई म्हणाल्या.

"कळतं की. तुमचं मत विचारलं फक्त."

"गुंड्या लावताना खाली बघत असतेस तू. हात शाबूत असले की कुणी गुंड्या बघून लावत नाही."

ती उठून आत गेली. नळ सोडला आणि पाण्याच्या आवाजात रडली. पण दुसऱ्या दिवसापासून रोज पिशवी यायला लागली आणि स्वयंपाक आटोपला की दोघी समोरासमोर बसू लागल्या. सासूबाईंना मजाच वाटत होती. शेवटी आमंत्रणासाठी तो धुतलेल्या चादरीचा कागद ठरला. डिझायनरनं तो गालाला लावला आणि म्हणाली, "मला माहीतच होतं, तुम्ही हाच काढणार."

उठाव आणि फॉइलचं काम ज्याच्याकडे जायचं तो फॉइलवाला जुना माणूस. रस्त्याला लागून अरुंद दुकान, आत तापलेल्या मशीनची धडधड, भिंतीवर जुन्या डायांच्या, धातूच्या ठशांच्या, चकत्या टांगलेल्या. कागदवाल्यानं रीम परस्पर तिथं पोचवले होते. मंजुरी द्यायला ती गेली तेव्हा त्यानं पहिला ठसा काढून ठेवला होता.

"ताई, जरा नीट हात लावून बघता का?" मशीन चालू ठेवूनच तो म्हणाला. "मला हा तुम्ही मागं दाखवलेल्या नमुन्यासारखा वाटत नाही."

तिनं ताव घेतला. रंग तोच, जाडी तीच. अंगठा घासला; मेणावर मेण. कानाशी हलवला, पण मशीनच्या धडधडीत काय ऐकू येणार? ओठ लावावा तर तो समोर उभा, त्याचा कारागीर बघतोय. नमुना जवळ असता तर शेजारी धरून बघितला असता. तो घरी सासूबाईंच्या उशाशी राहिला होता. उद्या बघू म्हणावं, इतकं सोपं होतं. पण इतक्या वर्षांत तिनं कधी कुणाला उद्या बघू म्हटलं नव्हतं, आणि आज म्हटलं की तो विचारणार, का?

"हाच आहे. चालवा."

"नाही म्हणजे, एकदा पुन्हा…"

"मी इतकी वर्षं इथं काय झक मारतेय का?"

त्याचा कारागीर खाली बघायला लागला. फॉइलवाल्यानं हात पुसले. "तुम्ही म्हणता म्हणजे झालं," म्हणाला, आणि मशीनकडे वळला. तिनं सही केली. वेळ मारून नेली ह्याचं उसनं समाधान तिनं घरापर्यंत टिकवलं. सासूबाईंनी "झालं का?" विचारलं, तर "झालं" म्हणाली.

आमंत्रणांचे खोके संग्रहालयात आले तेव्हा खोलीत मॅडमही होत्या. डिझायनरनं उत्साहानं पहिलं उचललं आणि उघडलं. घडीवरून टाचेला भेगा पडतात तशी बारीक भेग गेली, आणि वरचा पांढरा थर भुरभुर टेबलावर पडला. उठावाची अक्षरं चपटी, निर्जीव दिसत होती. तिनं दुसरं उघडलं, तिसरं उघडलं. मग अगदी हळू म्हणाली, "ताई, हा आपला कागद नाही."

मॅडम तावताईकडे बघत होत्या. तेव्हा तिच्या तोंडून जे निघालं ते तिनं ठरवलेलं नव्हतं.

"कागदवाल्यानं बदलला असणार. आणि फॉइलवाल्याच्या लक्षात यायला नको होतं? त्यानं मला विचारायला हवं होतं."

"तुम्ही मंजुरीला गेला होतात ना?"

"मला दाखवला तो बरोबर होता."

इतकं सफाईदार खोटं आपल्याला येतं हे तिला ठाऊक नव्हतं. मॅडमनी मान हलवली. त्या फॉइलवाल्याला पुढचं काम द्यायचं नाही, असं त्यांनी तिथल्या तिथं कुणाला तरी सांगितलं. मग म्हणाल्या, "उद्घाटन पुढं जाणार नाही. खरा कागद मिळतोय का बघा."

"आणते," ती म्हणाली.

ती सरळ घरी गेली. "आई, चप्पल घाला, तो नमुना घ्या," म्हणाली. सासूबाईंनी उशाचा नमुना घेतला, काठी घेतली. रिक्षात तिनं सगळं सांगितलं. फॉइलवाल्याबद्दल जे बोलली तेसुद्धा.

कागदवाल्याचं गोदाम तळघरात होतं. तो आधीच बचावाच्या पवित्र्यात. "तो माल संपला म्हणून त्याच्या तोडीचा दिला, ताई. तुम्ही पास केलात ना? तुम्ही पास केल्यावर मी कोण बोलणार?" राहिलेले फुटके गठ्ठे मागं कोपऱ्यात पडलेत, म्हणाला, पण तिथं गळती झाली होती, लेबलं गेलीत, कशात काय आहे देव जाणे.

त्या कोपऱ्यात एकच दिवा. सासूबाईंना स्टुलावर बसवलं आणि ती एकेक गठ्ठ्यातला ताव त्यांच्या मांडीवर ठेवत गेली. म्हातारी डोळे मिटून नमुन्यावर डावा अंगठा आणि तावावर उजवा अंगठा फिरवायची. नाही. नाही. हा ओला. हा ढोंगी. नाही. तावताई गुडघ्यांवर बसून गठ्ठे ओढत होती, साडीला चिखल लागला होता, आणि मनात एकच चाललं होतं: असू दे, देवा, एवढा एक असू दे. कागदवाला दारात उभा राहून बघत होता. ज्या बाईपुढं त्यानं आयुष्यभर मान खाली घातली ती एका अधू डोळ्यांच्या म्हातारीला विचारत होती, "हा?" त्यानं काय ओळखलं असेल ते ओळखलं असेल.

"हा," सासूबाई म्हणाल्या. मग आणखी एक ताव मागितला, त्याच गठ्ठ्यातला. "हाच. चादर."

गठ्ठा फुटका होता. जेमतेम निम्मी आमंत्रणं झाली असती.

फॉइलवाला दुकान बंद करायच्या बेतात होता. दोघींना आणि गठ्ठ्याला बघून त्यानं शटर पुन्हा वर केलं. काही बोलला नाही. डाय चढवली, मशीन तापायला लावलं, सासूबाईंना बसायला खोकं दिलं. त्याचं ते न बोलणं तिला सहन होईना. काहीतरी हातभार लावावा म्हणून ती मशीनशी गेली आणि ताव सरळ बसलाय का बघायला वाकली. डावा हात कशावर टेकवला हे तिच्या लक्षातही आलं नाही.

आधी वास आला. फॉइलवाल्यानं वर बघितलं आणि झेप घेऊन तिचं मनगट ओढलं. बोटं तापल्या प्लेटवर होती. टोकांची कातडी पांढरी पडून सुटली होती आणि ती नुसती त्यांच्याकडे बघत उभी होती, दुसऱ्या कुणाची असावीत तशी.

"ताई, हात का नाही काढला?" तो ओरडला.

"तिला कळत नाही," सासूबाई खोक्यावरून म्हणाल्या. "आजारपणापासून. बोटं गेली तिची."

त्यानं तिला मोरीपाशी नेलं, नळाखाली हात धरला.

"म्हणजे त्या दिवशी…"

"त्या दिवशीही कळत नव्हतं."

"मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

"आज फोन आला होता तुमच्या ऑफिसातून. पुढं काम देणार नाही म्हणाले."

"माहीत आहे. मीच तसं बोलले."

त्यानं तिचा हात सोडला, आदळला नाही, नुसता सोडला. नळ बंद केला. एक स्वच्छ फडकं आणून तिच्यापुढं ठेवलं. बांधून दिलं नाही, सासूबाईंनी बांधलं. मग तो मशीनकडे गेला. "तापलंय तोवर काढून टाकतो," इतकंच म्हणाला. कागद खरा होता. पहिलाच ठसा असा उठला की त्याच्या तोंडून सवयीनं "वा" निघालं. तेही त्यानं गिळलं.

सकाळी ती बांधलेला हात घेऊन मॅडमच्या खोलीत गेली आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. मध्ये थांबली असती तर पुढं सांगता आलं नसतं. मॅडमनी तिला बसवलं, पाणी दिलं. "आधी का नाही बोललात? आम्ही काय परके आहोत?" ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांच्या मऊपणापुढं तिला तोंड लपवायला जागा उरली नाही. फॉइलवाल्याला त्यांनी स्वतः फोन केला, माफी मागितली, काम परत दिलं. मंजुरीची सही मात्र त्या दिवसापासून डिझायनरकडे गेली. तावताईनं छायाचित्रांखालचा मजकूर तपासायचा, असं ठरलं.

निम्मी आमंत्रणं खऱ्या कागदावर गेली, उरलेल्या पाहुण्यांना फोन केले. उद्घाटन छान झालं म्हणे. ज्यांना आमंत्रण मिळालं ते ते हातात धरूनच आले होते, असं डिझायनर सांगत होती. तावताई गेली नाही. घरी सासूबाईंच्या शेजारी बसून राहिली.

फॉइलवाल्याकडे ती एकदा गेली, नीट माफी मागायला. तो चहा मागवून बसला, सासूबाईंची चौकशी केली, "झालं गेलं" म्हणाला. पण त्यानंतर काही विचारायचं असलं की त्याचा फोन डिझायनरला यायचा.

डिझायनरला मनात अपराध्यासारखं वाटत होतं. ती रोज एखादा नमुना घेऊन तावताईच्या टेबलाशी यायची. "ताई, हा कसा लागायला हवा? शिकवा ना."

पहिल्या दिवसांत तिनं शिकवलंही. कापसाचा असा, बांबूचा असा, थर दिलेला असा. मग एका दुपारी त्या डिझायनर मुलीनं एक साधाच कागद पुढं केला, कॅटलॉगच्या आतल्या पानांसाठी वर्षानुवर्षं वापरलेला; आज तो फॉइलच्या कामाला घेतला होता. तावताई तोंड उघडून थांबली. हा हाताला कसा लागायचा? नाव आठवत होतं, वजन आठवत होतं, कोणत्या कॅटलॉगला वापरला ते आठवत होतं. स्पर्श आठवत नव्हता. तिनं डोळे मिटले, अंगठा आणि तर्जनी हवेतच एकमेकांवर घासली. बोटं गेली ते तिनं कसंबसं सोसलं होतं. त्यांची आठवणही एकेक करून निघून जाईल, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"ताई?"

"तूच सांग," ती म्हणाली. "तुला कसा लागतो?"

मुलगी गोंधळली. कागद चाचपत राहिली. "थोडा… गार? आणि कडेला किंचित नरम पडलाय."

"गार असेल तर दमट आहे. आज चढवू देऊ नकोस. फॉइलवाल्यांना फोन कर, उद्या म्हणावं."

"नक्की ना? त्यांनी मशीन लावून ठेवलंय."

तावताईनं कागद हातात घेतला नाही.

"मला काय विचारतेस? हात तुझा आहे."

मुलगी बाहेर फोन करायला गेली. तावताईनं पुढ्यातला मजकूर ओढला आणि वाचायला लागली: परिचारिकेचा झगा, सुती, खांद्याला रफू. ती ओळ तिनं पुन्हा वाचली. चूक नव्हती. पुढच्या ओळीवर गेली.